एका गेटवरून साऱ्या उद्योगाकडे : डॉ. दत्ता सामंत

१९८१ ची दिवाळी तोंडावर आली होती. बोनसच्या आकड्यावरून गिरणगावात असंतोष धुमसत होता. राष्ट्रीय मिल मजदूर संघाने मालकांशी केलेला करार अनेक कामगारांना मान्य नव्हता. आठ गिरण्यांत काम बंद पडले. त्यांपैकी प्रभादेवीच्या स्टँडर्ड मिलमधील कामगारांचा जथा दादर, परळ, लालबाग येथील कोणत्याही युनियनच्या कचेरीकडे वळला नाही. तो घाटकोपरला पोहोचला. तेथे पंतनगर वसाहतीत कामगारांना परिचित असलेले एक डॉक्टर होते. उपनगरांतील कारखान्यांत त्यांनी मिळवून दिलेल्या पगारवाढीच्या कथा गिरणगावच्या चाळींत कधीच पोहोचल्या होत्या. गिरणी कामगारांचे नेतृत्व त्यांनी स्वीकारावे, एवढीच या कामगारांची मागणी होती.

डॉ. दत्ता सामंत प्रथम राजी नव्हते. गिरणी उद्योगाचा कायदा वेगळा आहे, तेथे आपल्या पद्धतीने वाटाघाटी करता येणार नाहीत, याची त्यांना कल्पना होती. अखेर त्यांनी होकार दिला. त्या होकारातून स्वातंत्र्योत्तर भारतातील सर्वांत मोठ्या कामगार संपांपैकी एक उभा राहिला, आणि त्याच्या पराभवाचे ओझे सामंतांच्या नावाला कायमचे चिकटले. त्या पराभवाची चर्चा गेली चार दशके होत आहे. मात्र गिरणी कामगारांच्या मागण्यांच्या मुळाशी असलेला प्रश्न बाजूला राहिला. एका उद्योगातील सर्व कामगारांसाठी एकत्रित करार व्हायचा असेल, तर त्यांच्या वतीने बोलायचे कोणी, आणि ते ठरवायचे कोणी, हा तो प्रश्न.

दत्ता नीळकंठ सामंत यांचा जन्म २१ नोव्हेंबर १९३२ रोजी मालवणजवळच्या देवबागचा. एका बाजूला समुद्र आणि दुसऱ्या बाजूला कर्ली नदीची खाडी असलेली ही चिंचोळी पट्टी. कोकणातील असंख्य मध्यमवर्गीय कुटुंबांतील मुलांप्रमाणे त्यांनीही शिक्षणासाठी मुंबई गाठली. परळच्या जी. एस. मेडिकल कॉलेजमधून आणि के.ई.एम. रुग्णालयातून ते एम.बी.बी.एस. झाले. परळ म्हणजे गिरणगावाचे हृदय. पण दवाखाना थाटण्यासाठी त्यांनी निवडले ते घाटकोपर.

त्या काळी घाटकोपर हे शहराच्या कडेचे उपनगर होते. आसपासच्या टेकड्यांवर दगडखाणी होत्या. वाढत्या मुंबईला लागणारी खडी तेथून येई. सुरुंगाच्या धुळीत काम करणारे, ठेकेदाराच्या मर्जीवर जगणारे, हजेरीची नोंद नसलेले खाणमजूर डॉक्टरांकडे औषधाला येत. छातीचे विकार, ठेचलेली बोटे, कुपोषित मुले हे त्यांचे आजार. औषधाची बाटली देऊन हा रुग्ण बरा होणार नाही, कारण उद्या तो त्याच खाणीत त्याच मजुरीवर जाणार, हे तरुण डॉक्टरांच्या ध्यानात येण्यास वेळ लागला नाही. साठच्या दशकात त्यांनी या खाणमजुरांची संघटना बांधली. दवाखान्याचे कार्यालय झाले आणि डॉक्टर ही पदवी कामगारांच्या तोंडी नेत्याचे नाव बनून राहिली.

खाणींतून कारखान्यांत जाण्याची वाट सरळ होती. कुर्ल्यापासून मुलुंडपर्यंतच्या आग्रा रोडवर, म्हणजे पुढे लालबहादूर शास्त्री मार्ग झालेल्या रस्त्यावर, आणि त्याच्या आसपास साठ-सत्तरच्या दशकांत कारखान्यांची माळ उभी राहिली होती. कुर्ल्याला प्रीमियर ऑटोमोबाइल्स आणि कमानी, विक्रोळीला गोदरेज, भांडुपला सिएट आणि गेस्ट कीन विल्यम्स, मुलुंडला जॉन्सन अँड जॉन्सन. पश्चिमेकडे गोरेगावला निरलॉन, कांदिवलीला महिंद्र. अभियांत्रिकी, औषधनिर्मिती, रबर, कृत्रिम धागा असे हे नव्या काळाचे उद्योग. त्यांतील कामगार तरुण आणि शिकलेला होता. कंपनीचा नफा वाढतो आहे आणि महागाईही वाढते आहे, हे त्याला दिसत होते. जुन्या संघटनांच्या सबुरीच्या धोरणाला तो कंटाळला होता.

सामंतांची पद्धत या कामगाराला भावली. कंपनीच्या ताळेबंदावर तासन् तास खल करणे त्यांना मान्य नव्हते. कामगाराच्या घराला जगण्यासाठी काय लागते, येथून त्यांची मागणी सुरू होई. एकदा संप पुकारला की तो महिनोन् महिने चालवण्याची त्यांची तयारी असे, आणि कामगारही तेवढे दिवस त्यांच्यामागे उभा राही. करार झाला की पगारात पडणारी भर ठसठशीत असे. एका गेटवरची बातमी दुसऱ्या गेटवर पोहोचे आणि तेथील कामगार आपली जुनी युनियन सोडून पंतनगरला येत.

या पद्धतीची दुसरी बाजूही होती. त्यांच्या संपांना हिंसाचाराचे गालबोट वारंवार लागले. १९७२ मध्ये विक्रोळीच्या गोदरेज कारखान्यातील संघर्ष चिघळला आणि सामंतांना अटक झाली. काही कारखाने दीर्घ संपांनंतर पुन्हा उघडले नाहीत, तर काही मालकांनी मुंबईबाहेरची वाट धरली. कारखाने हलवण्यामागे जमिनीचे भाव, मागास भागातील सवलती अशी इतर कारणेही होती. तरी पंतनगरच्या युनियनचे नाव सांगून कारखाना हलवणे मालकांना सोयीचे झाले होते. पैशाच्या बाबतीत मात्र कामगारांचा त्यांच्यावर अढळ विश्वास होता. मालकाशी आतून हातमिळवणी करणारा नेता अशी त्यांची प्रतिमा कधीच झाली नाही.

राजकारणात ते प्रारंभी काँग्रेसमध्ये होते. इंटकशी त्यांचा संबंध होता आणि काँग्रेसच्या उमेदवारीवर ते विधानसभेतही गेले. तरीही आणीबाणीत, १९७५ मध्ये, स्वपक्षाच्या राजवटीत त्यांना तुरुंगात टाकण्यात आले. १९७७ मध्ये सुटका झाली तेव्हा त्यांची लोकप्रियता दुणावली होती. त्यानंतरची चार-पाच वर्षे हा त्यांच्या यशाचा परमोच्च काळ. उपनगरांतील आणि ठाणे पट्ट्यातील कारखान्यांमागून कारखाने त्यांच्या झेंड्याखाली आले.

या यशामागे कायद्याचा एक महत्त्वाचा भाग होता. उपनगरांतील हे कारखाने १९४७ च्या केंद्रीय औद्योगिक विवाद कायद्याखाली येत. त्या कायद्यानुसार मालकाला ज्या संघटनेशी करार करावासा वाटे, किंवा करणे भाग पडे, तिच्याशी तो करता येई. कामगारांचा बहुमताचा पाठिंबा गेटवर दिसला की मालकाला टेबलाशी यावेच लागे. सामंतांचे सामर्थ्य या मोकळीकीत होते. तिची मर्यादाही त्याच ठिकाणी होती. करार होई तो एका कारखान्याचा. एकाच रस्त्यावर, एकाच प्रकारच्या यंत्रावर काम करणाऱ्या दोन फिटरांच्या पगारांत केवळ कारखान्याच्या नावामुळे मोठी तफावत पडे. लहान वर्कशॉपमधील आणि ठेकेदाराकडील कामगार तर या करारांच्या बाहेरच राहिला. साऱ्या अभियांत्रिकी उद्योगासाठी मुंबईत एकच वेतनकरार व्हावा, अशी यंत्रणा सामंतांनी उभी केली नाही. मालकांनाही ती नकोच होती.

कापड गिरण्यांचे जग याच्या नेमके उलट होते. तेथे उद्योगव्यापी करार अनेक वर्षांपासून अस्तित्वात होता. १९४७ मध्ये औद्योगिक न्यायालयाच्या निवाड्याने मुंबईतील गिरण्यांची वेतने प्रमाणित झाली होती. कुर्ल्याच्या स्वदेशी मिलमधील विणकर आणि परळमधील विणकर यांचे वेतन एकाच मापाने मोजले जाई. महागाई भत्ता राहणीमानाच्या निर्देशांकाशी जोडलेला होता. एका बाजूला गिरणीमालकांची संघटना आणि दुसऱ्या बाजूला कामगारांची एक संघटना, असा साऱ्या उद्योगाचा व्यवहार चाले. कमकुवत गिरणीतील कामगारालाही मोठ्या गिरणीइतकेच संरक्षण, हा या व्यवस्थेचा मोठा गुण होता.

दोष होता तो प्रतिनिधी निवडण्याच्या रीतीत. १९४६ च्या मुंबई औद्योगिक संबंध कायद्यानुसार ज्या संघटनेचे सभासद उद्योगातील किमान पंचवीस टक्के कामगार असतील, तिला प्रातिनिधिक संघटनेचा दर्जा मिळे. एकदा तो मिळाला की साऱ्या उद्योगाच्या वतीने बोलण्याचा अधिकार तिचाच. तिने केलेला करार सर्वांवर बंधनकारक आणि तिला डावलून केलेला संप बेकायदा. ही सभासदसंख्या नोंदवह्यांवरून ठरे. गुप्त मतदानाची तरतूद नव्हती. काँग्रेसप्रणीत राष्ट्रीय मिल मजदूर संघाकडे हा दर्जा दशकानुदशके राहिला. त्याविरुद्ध कामगारांनी वेळोवेळी बंड केले. १९५० मध्ये समाजवाद्यांच्या मिल मजदूर सभेने बोनससाठी सुमारे दोन महिने संप चालवला. १९७४ मध्ये कॉम्रेड डांगे यांच्या गिरणी कामगार युनियनने ४२ दिवस गिरण्या बंद ठेवल्या. दोन्ही वेळा कामगार मोठ्या संख्येने रस्त्यावर उतरला, आणि दोन्ही वेळा प्रातिनिधिक दर्जाच्या भिंतीवर तो आपटला.

दरम्यान गिरणी कामगाराचा पगार मागे पडत गेला. एके काळी मुंबईच्या कामगारवर्गात त्याचा मान मोठा होता. सत्तरच्या दशकाच्या अखेरीस उपनगरातील औषध कंपनीत किंवा मोटार कारखान्यात लागलेला तरुण त्याच्यापेक्षा अधिक पैसे घरी आणू लागला. बदली कामगारांची स्थिती याहून बिकट होती. रोज सकाळी गिरणीच्या दारात उभे राहायचे, जागा मिळाली तर काम, नाहीतर परत; असे वर्षानुवर्षे चाले. एम्पायर डाइंगच्या कामगारांना सामंतांनी करार करून भरघोस वाढ मिळवून दिली, तेव्हा गिरण्यांतही हे शक्य आहे, असा विश्वास गिरणगावात पसरला. पंतनगरला आलेला जथा हा त्या विश्वासाचा परिणाम होता.

१८ जानेवारी १९८२ रोजी संप सुरू झाला. सुमारे साठ गिरण्या आणि अडीच लाखांच्या आसपास कामगार. सामंतांनी स्थापन केलेल्या महाराष्ट्र गिरणी कामगार युनियनच्या मागण्यांत वेतनवाढ, बोनस आणि बदली कामगारांना कायम करणे यांबरोबरच १९४६ चा कायदा रद्द करणे आणि मजदूर संघाची मान्यता काढणे याही मागण्या होत्या. एका अर्थाने हा संप पगारापेक्षा प्रतिनिधित्वासाठी होता. पगारवाढीवर तडजोड शक्य होती. प्रतिनिधित्वावर ती करण्यास सरकार तयार नव्हते. गिरण्यांत सामंत जिंकले तर हेच लोण बंदर, रेल्वे आणि सरकारी उद्योगांपर्यंत जाईल, अशी धास्ती दिल्लीत होती, असे त्या वेळी सर्वत्र मानले गेले.

संपाच्या सुरुवातीलाच राज्यात सत्तांतर झाले. अंतुले पायउतार झाले, बाबासाहेब भोसले मुख्यमंत्री झाले. कायद्याच्या दृष्टीने सामंतांची युनियन वाटाघाटींचा पक्षच नव्हती, आणि ज्या संघाशी बोलता येत होते, त्याच्यामागे कामगार नव्हता. अशा स्थितीत वाटाघाटींचे टेबल रिकामेच राहिले. कामगार मात्र हटला नाही. अनेकांनी गाव गाठले. कोकणात आणि घाटावर सामंतांच्या सभा झाल्या, गावागावांतून धान्य गोळा झाले, गिरणगावात युनियनतर्फे त्याचे वाटप झाले. घरातील भांडी विकली गेली, मुलांच्या शाळा सुटल्या, स्त्रियांनी मिळेल ते काम पत्करले. वर्ष उलटले तरी संप मोडल्याची घोषणा कोणी केली नाही. औपचारिकरीत्या तो कधीच मागे घेतला गेला नाही.

मालकांना घाई नव्हती. अनेक गिरण्यांची यंत्रे जुनाट झाली होती, गोदामांत माल पडून होता, आणि भिवंडीसारख्या ठिकाणचे यंत्रमाग कापड स्वस्तात विणून देत होते. गिरणीखालची जमीन गिरणीपेक्षा मोलाची ठरू लागली होती. ऑक्टोबर १९८३ मध्ये केंद्र सरकारने मुंबईतील तेरा गिरण्यांचे व्यवस्थापन ताब्यात घेतले. इतर गिरण्या हळूहळू कमी माणसांत सुरू झाल्या. हजारो कामगारांना पुन्हा कामावर घेतले गेले नाही. ज्यांना घेतले, त्यांतील अनेकांना जुन्या नोकरीचे लाभ गमवावे लागले.

या पराभवात सामंतांच्या स्वतःच्या चुकांचा वाटा नाकारता येत नाही. एका कारखान्याचा मालक महिनोन् महिने उत्पादन बंद ठेवू शकत नाही, या अनुभवावर त्यांची सारी रणनीती उभी होती. मंदीत सापडलेल्या आणि एकजूट केलेल्या संपूर्ण उद्योगाला तो नियम लागू होत नव्हता. माघारीचा रस्ता त्यांनी आखलेला नव्हता. इतर डाव्या संघटनांशी भक्कम आघाडी बांधण्यात ते कमी पडले. त्यांच्या संघटनांत सारे निर्णय एका व्यक्तीभोवती फिरत. दुसरी फळी उभी राहिली नाही. त्याच वेळी हेही खरे की, कामगाराला गुप्त मतदानाने आपला प्रतिनिधी निवडू दिला असता, तर हा संप इतका लांबण्याचे कारण उरले नसते.

पराभवानंतरही गिरणगावाने त्यांना दूर लोटले नाही. १९८४ च्या लोकसभा निवडणुकीत इंदिरा गांधींच्या हत्येनंतरच्या लाटेत देशभर काँग्रेस विजयी होत असताना, दक्षिण मध्य मुंबईतून सामंत अपक्ष म्हणून निवडून आले. कामगार आघाडी हा त्यांचा पक्ष मात्र पुढे फारसा वाढला नाही. नव्वदच्या दशकात गिरण्यांच्या जमिनी विकण्याचे बेत सुरू झाले, तेव्हा त्यांनी त्याविरुद्ध आवाज उठवला. उपनगरांतील कारखान्यांचीही तीच अवस्था होत होती. युनियनचे काम आता वाढीव पगार मागण्याऐवजी थकलेली देणी मिळवण्याचे झाले होते.

१६ जानेवारी १९९७ रोजी सकाळी पवईच्या घरातून ते नेहमीप्रमाणे पंतनगरच्या कार्यालयाकडे निघाले. घरापासून थोड्याच अंतरावर त्यांची गाडी अडवून मारेकऱ्यांनी त्यांच्यावर गोळ्या झाडल्या. संपाच्या पंधराव्या स्मृतिदिनाला दोन दिवस उरले होते. अंत्ययात्रेला हजारो कामगार लोटले. २००० मध्ये सत्र न्यायालयाने काही आरोपींना जन्मठेप ठोठावली. कटाचा आरोप असलेल्या छोटा राजनची २०२३ मध्ये विशेष न्यायालयाने पुराव्याअभावी निर्दोष मुक्तता केली.

सामंतांच्या मृत्यूनंतर उपनगरांचा चेहरा पार बदलला. गोरेगावात निरलॉनच्या आवारात माहिती तंत्रज्ञान कंपन्यांच्या इमारती उभ्या राहिल्या. लालबहादूर शास्त्री मार्गावर कारखान्यांच्या जागी मॉल आणि निवासी मनोरे आले. आज अंधेरी, बोरिवली, मुलुंड, घाटकोपर येथील रोजगार मुख्यत्वे सेवाक्षेत्राचा आहे : दुकाने, उपाहारगृहे, कॉल सेंटर, सफाई, सुरक्षा, घरपोच वितरण. येथे कामगार शंभर ठिकाणी विखुरलेला आहे आणि त्याचा खरा मालक कोण, हेही अनेकदा स्पष्ट नसते. ज्याच्यासमोर संप करावा असे एक गेटच उरलेले नाही. सामंतांची कारखानानिहाय पद्धत अशा ठिकाणी चालणे कठीण. येथे करार व्हायचा तर तो साऱ्या क्षेत्राचाच व्हावा लागेल.

असे करार अशक्य नाहीत, हे मुंबईनेच दाखवले आहे. बँकांच्या संघटनेने आणि कर्मचारी संघटनांनी १९६६ मध्ये पहिला द्विपक्षीय करार केला. तेव्हापासून घाटकोपरच्या शाखेतील आणि एखाद्या आडगावच्या शाखेतील लिपिकाची वेतनश्रेणी एकाच टेबलावर ठरते. १९६९ च्या माथाडी कायद्याने ओझी वाहणाऱ्या हमालांसाठी व्यवसायवार मंडळे निर्माण केली. त्यांवर कामगार, मालक आणि सरकार असे तिघांचे प्रतिनिधी असतात. १९८१ मध्ये तेच तत्त्व खासगी सुरक्षारक्षकांना लावण्यात आले. युरोपातही हाच प्रश्न ऐरणीवर आहे. जर्मनीत इमारतींची सफाई करणाऱ्यांचा वेतनकरार सरकार साऱ्या क्षेत्राला बंधनकारक करते. त्यामुळे लहान ठेकेदारालाही त्याखालचा पगार देता येत नाही. २०२२ मध्ये युरोपीय संघाने आपल्या निर्देशात असे म्हटले की, ज्या देशांत ऐंशी टक्क्यांहून कमी कामगार सामुदायिक कराराखाली आहेत, त्यांनी ते प्रमाण वाढवण्याचा आराखडा करावा.

भारतात नवी औद्योगिक संबंध संहिता २१ नोव्हेंबर २०२५ रोजी लागू झाली. योगायोगाने तो सामंतांचा जन्मदिवस. आस्थापनेतील एक्कावन्न टक्के कामगार ज्या संघटनेचे सभासद असतील, तिला त्या आस्थापनेत वाटाघाटींचा एकमेव अधिकार मिळतो. तेवढा पाठिंबा कोणालाच नसेल, तर अनेक संघटनांची मिळून वाटाघाट परिषद होते. पंचवीस टक्क्यांच्या जुन्या निकषाहून हा निकष प्रातिनिधिक आहे. पण वाटाघाटींचा मूळ घटक म्हणून आस्थापनाच कायम आहे. मॉलमधील विक्रेती, सोसायटीच्या दारातील रखवालदार किंवा दुचाकीवरून जेवण पोहोचवणारा तरुण यांच्या साऱ्या क्षेत्रासाठी कोणी आणि कोणाशी बोलायचे, याचे उत्तर त्यात नाही.

सामंतांनी कारखान्यामागून कारखाना जिंकत पंधरा वर्षे घालवली, तेव्हा त्या कारखान्यांबाहेरचे कामगार मागे राहिले. साऱ्या उद्योगासाठी ते उभे राहिले, तेव्हा कामगारांनी निवडलेला प्रतिनिधी कायद्याला मान्य नव्हता. उद्याचा सेवाक्षेत्रातील कामगार संघटित होऊ पाहील, तेव्हा त्याला साऱ्या क्षेत्रासाठी एक करार आणि त्यासाठी आपल्या मताने निवडलेला प्रतिनिधी, या दोन्ही गोष्टी एकदमच मागाव्या लागतील. १९८१ च्या दिवाळीत प्रभादेवीहून पंतनगरला आलेल्या कामगारांची मागणी याहून वेगळी नव्हती.